कुठेतरी पाणी मुरतंय

मेहुण्यावर माझा विश्वास कधीच नव्हता. तो आमच्याच शेडमध्ये वंगणाचं काम करायचा आणि अवजड ट्रॅक्टरचा परवाना त्याला नुकताच मिळाला होता. असा ट्रॅक्टर शेडमध्ये एकच, आणि त्यावर मी. त्याचा डोळा कशावर होता हे सांगायला ज्योतिषी नको.

त्या ट्रॅक्टरचे ब्रेक हवेचे. इंजिनाजवळचा कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो आणि तिथून दोन नळ्या मागच्या ट्रेलरला जातात. लाल नळी कायम भरलेली. पिवळीत हवा जाते ती मी ब्रेक दाबीन तेवढीच, आणि तिच्या इशाऱ्यावर ट्रेलर थांबतो. दहा टन धान्य घेऊन पुलाचा उतार उतरताना माझा जीव त्या पिवळ्या नळीत असायचा.

आणि रोज सकाळी हवेचा काटा पाचावर! संध्याकाळी मी तो आठावर सोडून जायचो.

बायकोला म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. ती म्हणाली, तुम्हाला आरशातल्या माणसाचाही संशय येतो. भावाची बाजू घेणारच ती.

टाकीच्या पोटाशी एक कडी असते, ती ओढली की हवा बाहेर पडते. मी त्या कडीला बारीक दोरा बांधून ठेवला. सकाळी वाकून पाहिलं तर दोरा तुटलेला, आणि वर पुन्हा नीट बांधलेला. माझी गाठ साधी होती, ही दुहेरी. चोर तो चोर, वर शिरजोर.

त्या दिवशी घरी जायचं नाटक करून मी पोत्यांच्या थप्पीमागे उभा राहिलो. पाचच मिनिटांत मेहुणा ट्रॅक्टरखाली शिरला आणि हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला. मी त्याला पाय धरून बाहेर ओढला.

"पाणी काढतोय, दाजी," तो म्हणाला.

"हवेच्या टाकीत पाणी? मला शेंड्या लावतोस?"

तो काहीतरी समजावू लागला, पण मी ऐकून घेतलं नाही. वीस वर्षं मी तेलाच्या ब्रेकचे ट्रॅक्टर हाकले होते, कालच्या पोराकडून काय शिकायचं? मालकांना सांगून त्याला शेडबाहेर काढलं आणि गोदामात पोती मोजायला बसवलं. बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. पण दुसऱ्या दिवसापासून काटा आठाच्या खाली येईना, आणि मी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होतो.

बाराव्या दिवशी पहाटे कडाक्याचा गारठा पडला. शेडबाहेरच्या बादलीत बर्फ धरला होता. सकाळी भरलेला ट्रेलर घेऊन मी उताराला लागलो आणि ब्रेक दाबला. काटा आठावर, तरी ट्रेलर थांबेना. तो मागून ढकलू लागला, पूल जवळ आला. मी घाबरून स्टिअरिंग बांधाकडे फिरवलं. ट्रॅक्टर आडवा झाला, ताणून लाल नळी तुटली, हवा सुसाट बाहेर पडली आणि ट्रेलर जागच्या जागी जाम झाला. लाल नळीतली हवा गेली की ट्रेलर आपोआप ब्रेक लावतो. ज्या हवेसाठी मी मेहुण्याला हाकललं, ती गेली म्हणून मी वाचलो.

मालकांनी मेहुण्यालाच पाठवलं. तो टाकीखाली आडवा झाला आणि कडी ओढली. तपकिरी, तेलकट पाणी पडत राहिलं, चांगलं तांब्याभर.

हवा दाबली की तिच्यातला ओलावा टाकीत साठतो, तो म्हणाला. रोज काढला नाही तर नळ्यांत शिरतो आणि गारठ्यात वाल्वमध्ये गोठतो. मग टाकी भरलेली असूनही पिवळ्या नळीत हवा जात नाही.

मी मान खाली घातली. खाली बघतच विचारलं, "मग तो दोरा पुन्हा का बांधायचास?"

"कडी हलून हवा जाऊ नये म्हणून तुम्ही बांधला होता ना?" तो हात पुसत म्हणाला. "मला वाटलं, दाजी किती काळजी घेतात. म्हणून पक्की गाठ मारली."

"हो," मी म्हणालो, "त्यासाठीच बांधला होता."

आम्हा दोघांत खोटं बोलणारा एकच होता, आणि तो टाकीखाली नव्हता.