नागुबाईची कातरण

सोनुबाई बेळगावातल्या एका मराठी हायस्कुलात चित्रकला शिकवायची. वय बेचाळीस, लग्न केलेलं नव्हतं, शहापुरात एका खोलीत एकटीच राहायची. मूळची निपाणीची. आई दिवसा वखारीत तंबाखू चाळायची आणि उरलेल्या वेळात दारात बसून विड्या वळायची. वस्तीतून ड्रॉईंगच्या परीक्षा देऊन कोल्हापूरला डिप्लोमाला गेलेली सोनुबाई पहिलीच. नोकरी लागली, आई वारली, आणि मग निपाणीच्या गाडीत बसायला काही निमित्तच उरलं नाही. शाळेत तिच्याशी सगळे नीट बोलत. डबा मात्र ती खिडकीशी बसून एकटीच खायची. चौदा वर्षांत कुणी ‘इकडे या’ म्हटलं नव्हतं, आणि तिनंही विचारायचं सोडून दिलं होतं.

१९८७ साली, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, मारुतीराव तिच्या खोलीवर आले. ते एक साप्ताहिक चालवत. त्यांनी तिच्यासमोर एक कॅसेट ठेवली.

“निपाणीची पोरं आहेत, बाई. वखारीत कामाला जातात. स्वतः गाणी लिहितात, स्वतःच चाली लावतात. पार्टीचं नाव ‘दुपारपाळी’. गाण्यांवर मी लिहीन. पण हे कव्हर बघा. आणि त्यांनी एका गाण्याचं व्हिडिओ शूटिंगही केलंय. चित्राच्या अंगानं तुम्ही लिहा.”

कॅसेटचं नाव होतं ‘वखारीची गाणी’. सोनुबाईनं कव्हर हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. त्या काळी कॅसेटवर गायकाचा फोटो असायचा, मागं डोंगर नाहीतर गुलाबाचं फूल. इथं माणूसच नव्हता. करड्या सिमेंटच्या जमिनीवर विडीच्या पानाची कातरण मांडलेली होती. पान साच्याच्या मापानं कापल्यावर कडेच्या ज्या पट्ट्या उरतात, त्या. पट्ट्यांच्या कमानी एकीखाली एक अशा उतरत आल्या होत्या, आणि वरच्या बाजूला, जिथून त्या निघत होत्या, तिथं एक मोठी कोरी जागा सोडलेली होती.

व्हिडिओ बघायला ती मारुतीरावांच्या घरी गेली. त्यांच्या मेहुण्यानं व्हीसीआर आणला होता. तीच जमीन, तीच कातरण. पण आता त्या कोऱ्या जागेत एक तरुण मुलगी बसून गात होती. कॅमेरा तिच्या तोंडावर फारसा थांबतच नव्हता. ढोलकीवरचे हात, पेटीवरचे हात, मांडीवरच्या सुपातली पानं, पुन्हा हात. सोनुबाईनं ते गाणं तीनदा लावायला सांगितलं आणि वहीत रेघा ओढल्या. मग तिच्या ध्यानात आलं की पट्ट्या कशाही टाकलेल्या नाहीत. एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. ढोलकीही तशीच वाजत होती.

तीन दिवस ती लिहीत होती. शाळेतून आली की स्टोव्हवर भात चढवायची आणि कॅसेट पुढ्यात घेऊन बसायची. तिनं लिहिलं, की कव्हरावरची पोकळी म्हणजे हरवलेलं माणूस. ते व्हिडिओत परत येतं, गाणं संपलं की पुन्हा जातं. कमानी डोळ्याच्या पापणीसारख्या खाली ओघळतात, म्हणून सगळं चित्र जड आणि दुःखी वाटतं. आणि ज्यानं हे मांडलं त्याच्या कानात गाणं पक्कं भिनलेलं असणार, त्याशिवाय पट्ट्यांत ताल येणार नाही. शेवटचं वाक्य लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी आपल्यासारखं आहे, असं तिला फार वर्षांनी वाटलं होतं.

फक्त एक गोष्ट अडली. कव्हरावर फोटो काढणाऱ्याचं नाव होतं, प्रेसचं होतं, पाचही कलाकारांची होती. मांडणी कुणाची, ते कुठंच नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी ती निपाणीच्या गाडीत बसली.

स्टँडपासून वस्तीपर्यंत तिला रस्ता विचारावा लागला नाही. हवेत तोच तंबाखूचा खकाणा होता, पहिल्यासारखीच एक शिंक आली. ढोलकी वाजवणारा ज्योतिबा दारातच भेटला. तिशीचा, अंगानं वाळकुडा.

“जयभीम आक्का. तुमी गंगव्वाच्या सोनाक्का न्हवं? माज्या आईनं लई सांगिटलंय तुमचं.”

“जयभीम. ज्योतिबा, हे कव्हर कुणी केलंय?”

“फोटू आण्णाप्पानं काढलाय. लगनाचं शूटिंग करतोय त्यो.”

“फोटो नव्हे. ही कातरण कुणी मांडली?”

ज्योतिबा जरा हसला. “ती व्हय? ती नागूमावशीनं. गुणाची मावशी. गुणा म्हंजे आमच्यात गाती ती.”

“मावशी गाणं शिकलीय का?”

“गाणं?” ज्योतिबानं तिच्याकडं नवलानं बघितलं. “आक्का, इसरला व्हय? मुकी नागू. तिला ऐकायलाच येत न्हाय.”

सोनुबाई तिथंच उभी राहिली. मुकी नागू. आईच्या शेजारी बसून विड्या वळणारी, आईपेक्षा बरीच लहान बाई. गल्लीतली पोरं तिच्या पाठीमागं जाऊन टाळ्या वाजवायची आणि ती वळली नाही की खिदळायची. त्या पोरांत सोनुबाईही होती. दहा वर्षांची असताना तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या. पुढं ती शिकायला गेली, तोवर त्या बाईशी एकदाही बोलली नव्हती. बोलायचं कसं, हेच ठाऊक नव्हतं.

“आमी तिच्याच खोलीत तालीम करतो,” ज्योतिबा चालता चालता सांगत होता. “दुसरीकडं कुठं बसलं की शेजारीपाजारी वरडत्यात. मावशीला काय तरास न्हाय.”

खोली लहान होती. नागुबाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप, बोटांत दोरा. केस पिकले होते. दारातला उजेड हलला तशी तिनं मान वर केली. सोनुबाईला ओळखलं की नाही, कळलं नाही. गुणा चुलीपुढनं उठली आणि मावशीला हातानं काहीतरी समजावून सांगितलं : कपाळ, मग उंच बोट, मग पाटीवर लिहिल्यासारखं, म्हणजे शिकवणारी बाई.

“तिला सांग, मला तिचं चित्र फार आवडलं,” सोनुबाई म्हणाली. मग वही उघडून तिनं काढलेल्या रेघा दाखवल्या. एक लांब, दोन आखूड. “हे तिला कसं जमलं?”

गुणानं विचारलं. नागुबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि डावा पंजा जमिनीवर पसरून दाबला. मग सोनुबाईचं मनगट धरून तिचाही पंजा तसाच खाली टेकवला. गुणानं खूण केल्यावर ज्योतिबा ढोलकी जमिनीवर ठेवून वाजवायला लागला. सिमेंटमधून थरथर आली आणि तळहातातून कोपरापर्यंत चढली. एक लांब, दोन आखूड. नागुबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. आलं का, असं तिचे डोळे विचारत होते.

“रोज आमची तालीम व्हती तवा ती अशीच बसती,” गुणा म्हणाली. “एक दिस बगतोय तर पुढ्यात कातरण मांडून ठेवलेली. आण्णाप्पा आलता, त्यानं लगीच फोटू काढला.”

सोनुबाईनं कॅसेट पुढं केली आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “आणि इथं कोण होतं? कोण गेलंय?”

गुणानं विचारलं तशी नागुबाईनं कॅसेट हातात घेतली. कव्हर बघून तिच्या कपाळाला आठी पडली. ते तिनं बहुतेक नीट बघितलंच नव्हतं, किंवा तिला कुणी दाखवलं नव्हतं. तिनं कॅसेट उलटी फिरवली. वरचं खाली आलं, खालचं वर गेलं, आणि सोनुबाईच्या हातात पुन्हा दिली.

ओघळणाऱ्या कमानी आता वर उसळत होत्या. एकावर एक, रुंद होत गेलेल्या. कोरी जागा खाली होती. नागुबाईनं त्या जागेवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, मग ती बसली होती त्या जमिनीवर.

“ती म्हणती, मी हितं बसलेली,” गुणा म्हणाली. “हात पुरंल तितकं मांडलं. आण्णाप्पानं तिला उठीवलं आनि समोरनं फोटू काढला, म्हणून उलटं आलंय. शूटिंगला त्या जागंवर मला बसीवलं.”

पोकळीत कुणी हरवलेलं नव्हतंच. एक बाई तिथं बसली होती, आणि फोटो चांगला यावा म्हणून तिला उठवलं होतं.

“तिला वाईट न्हाय वाटलं?” सोनुबाई म्हणाली.

गुणानं हे मावशीला विचारलं नाही. “सवय हाय तिला,” एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

परतीच्या गाडीत सोनुबाईनं लेखाची पानं काढली आणि सगळ्यांवर काट मारली. घरी येऊन साधं लिहिलं. कातरण कुणी मांडली, कुठं बसून मांडली, ताल कुठून आला, फोटोत चित्र उलटं कसं झालं. मारुतीरावांनी काट मारलेली पानंही वाचली, आणि त्यांना पहिलाच लेख जास्त आवडला. “त्यात खोली होती, बाई,” ते म्हणाले, “हा नुसता वृत्तांत झालाय.” सोनुबाई म्हणाली, “हाच छापा, नाहीतर राहू द्या.” त्यांनी तो छापला, निम्मा कापून, आतल्या पानावर. पण नागुबाईचं नाव राहिलं आणि चित्र सुलट आलं.

अंक घेऊन ती निपाणीला गेली. नागुबाईला वाचता येत नव्हतं. सोनुबाईनं तिच्या नावाच्या अक्षरांवर बोट ठेवून तिच्याकडं हात केला, मग स्वतःच्या नावावर बोट ठेवून स्वतःकडं. नागुबाईनं मान हलवली, अंकाची घडी घातली आणि उतरंडीमागं ठेवून दिली. पुन्हा विड्या वळायला लागली. तेवढंच.

त्यानंतर सोनुबाई बहुतेक रविवारी जायला लागली. तीही पानं कापायला बसायची. तिच्या विड्या सैल व्हायच्या, नागुबाई त्या काही न म्हणता सोडून पुन्हा वळायची. तासन्‌तास दोघी बसायच्या. पुढच्या उन्हाळ्यात गुणाचं लग्न होऊन ती बेळगुंदीला गेली. ज्योतिबा पुण्याला कामाला लागला. ‘दुपारपाळी’ची दुसरी कॅसेट काही निघाली नाही.

पावसाळ्यात सोनुबाईला टायफॉइड झाला. तीन रविवार गेले. शाळेचा शिपाई एकदा औषध देऊन गेला, बाकी कुणी आलं नाही. चौथ्या रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर मारुतीराव उभे होते, भिजलेले, आणि त्यांच्यामागं नागुबाई. हातात पिशवी, आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला तो अंक.

“ऑफिसात आल्या,” मारुतीराव म्हणाले. “हा अंक लोकांना दाखवत दाखवत, शेवटच्या पानावर आमचा पत्ता असतो ना. काही बोलेनात. मग आतलं पान उघडून तुमच्या नावावर बोट ठेवलं. एकट्याच निपाणीहून आल्यात.”

सोनुबाई त्यांना बसा म्हणायचं विसरली. ते निघून गेले. नागुबाईनं खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक खुर्ची, एक ताट, एक पेला. तिचा हात सोनुबाईच्या कपाळाला लागला आणि तिथंच थोडा वेळ राहिला. मग तिनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी काढली. एकाच ताटात दोघींचं वाढलं, आणि सोनुबाई खाईपर्यंत ती तिच्यासमोर बसून राहिली.