सहावा मुद्दा

आमच्या देशाला युरोपीय संघाकडून काय हवं आहे, हे दर जानेवारीत पाच मुद्द्यांत लिहिलं जातं, आणि त्यातल्या स्वल्पविरामांची जबाबदारी माझी असते. राजधानीत, तालिनला, परराष्ट्र मंत्रालयात मी भाषा तपासते. धोरण ठरवणारे ठरवतात, मी त्यांची लांबलेली वाक्यं तोडते. सत्तावीस देशांच्या त्या गोतावळ्यात आमचा तेरा लाखांचा देश म्हणजे लग्नातला लांबचा पाहुणा. त्यानं थोडं बोलावं, दरवर्षी तेच बोलावं, तरच कुणी ऐकतं, असं आमचे विभागप्रमुख तावेत म्हणतात. माझ्याहून अठरा वर्षांनी लहान आहेत, पण म्हणतात ते खरं असतं.

डिसेंबरात सीमेलगतच्या व्यार्स्काहून आईचा फोन आला.

"लैने, तुमच्या त्या कागदात आम्ही कितवे?"

"आम्ही म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? मी आणि तुझा बाप."

बाबा पूर्व सीमेच्या कुंपणापलीकडे आहेत. शहाऐंशी साली ते गेले तेव्हा कुंपण नव्हतं. आईच्या माहेरच्या गावी, पेत्सेरीजवळ त्यांना पुरलं. बसनं वीस मिनिटं लागायची, आणि तीही ड्रायव्हर वाटेत सिगारेट ओढायला थांबला तर. मग देश स्वतंत्र झाला. आम्ही सगळे आनंदानं रडलो, आणि त्या वीस मिनिटांच्या मधोमध सीमा आली. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या, त्यामुळे कशासाठी किती रडलो ते आता वेगळं काढता येत नाही.

आम्हा सेतो लोकांत ऑगस्टमधल्या मारियाच्या सणाला आपल्या माणसाच्या कबरीवर जेवतात. कबरीवर कापड अंथरायचं, त्यावर उकडलेली अंडी, भाजलेला मासा, शहाजिरं घातलेलं घरचं चीज मांडायचं, आणि जवळून जाईल त्याला हाक मारून खायला लावायचं. आईनं ते कापड बाबा गेले त्या हिवाळ्यात विणलं, कबरीच्या मापाचं. पूर्वी सणापुरती सवलत मिळायची, नंतर व्हिसा काढून जायची. आता व्हिसा मिळत नाही, आणि मिळाला तरी नाक्यावरच्या रांगेत चौऱ्याऐंशी वर्षांचे गुडघे टिकणार नाहीत. सहा वर्षं कापड पेटीत आहे.

"एक ओळ घाल," आई म्हणाली. "म्हाताऱ्यांना सणाच्या एका दिवसाची वाट मिळावी, संघानं ती मागावी. एकच ओळ. माझ्याकडे फार ऑगस्ट उरलेले नाहीत."

"आई, मी धोरण लिहीत नाही गं. मी भाषा तपासते."

"मग तपासता तपासता घाल. इतकी वर्षं तिथे काय भाज्या निवडतेस?"

पहिला मुद्दा आमची पूर्व सीमा ही सगळ्या संघाची सीमा. दुसरा युक्रेन. तिसरा पूर्वेच्या शेजाऱ्यावरचे निर्बंध, त्यात एकही फट नको. चौथा वीज, पाचवा संगणकी सुरक्षा. मी प्रत्येक शब्द वाचला होता आणि प्रत्येक शब्द मला पटत होता. तरी त्याखाली सहावा मुद्दा लिहिला. सरकारी भाषेत, इतका नीटनेटका की कुणालाही तो आधीपासूनच तिथे होता असं वाटावं.

तावेतना वाटलं नाही. त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि स्वतःच कॉफी ओतून दिली. तेव्हाच मी समजले.

"लैनेबाई, हा सहावा मुद्दा कुणाचा?"

"माझ्या आईचा."

ते हसले नाहीत. "हा कागद सत्तावीस राजधान्यांत वाचला जाईल. त्यातल्या निम्म्यांना तिसरा मुद्दा जड जातोय. ते ही ओळ उचलतील आणि म्हणतील, बघा, यांनासुद्धा फट हवीच आहे. मग आमची दारं उघडायला काय हरकत?"

"एका दिवसाची वाट आहे हो ती. म्हाताऱ्या बायकांची."

"ठाऊक आहे." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मी हे वाचलंच नाही असं धरा. पाचच्या आत अंतिम प्रत पाठवायची आहे. ती तुम्हीच पाठवता ना?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. भांडून ओळ ठेवली असती. चार वाजून चाळीस मिनिटांनी मी ती काढली. कागद सुबक दिसू लागला, तेच जास्त लागलं.

आईला सांगितलं नाही. फोनवर ती विचारायची, "गेला का कागद?" मी म्हणायचे, "गेला." तेवढं खोटं नव्हतं.

ऑगस्टात सणाच्या दिवशी व्यार्स्काला पोचले, तर आई अंगणात तयार. छातीवर ताटलीएवढा चांदीचा ब्रोच, साखळ्या, पायाशी टोपली, टोपलीवर घडी घातलेलं कापड.

"चल," ती म्हणाली. "वाट मिळाली का ते नाक्यावरच कळेल."

गाडीत सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं ते रस्ता संपतो तिथे, सीमेच्या फाटकासमोर. "आई, ओळ घातली होती. सहावी. मग मीच काढली." तावेत काय म्हणाले तेही सांगितलं, मला ते पटलं हेही.

ती कुंपणापलीकडच्या पाईनच्या झाडांकडे बघत होती. साखळ्या हलत नव्हत्या.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. "मला बरं वाटलं नाही, एवढंच."

मी टोपलीतलं कापड काढून गवतावर पसरायला लागले. तिनं हातातून घेतलं. "अगं, हे काय? ते त्याच्या मापाचं आहे. इथे खाली कोण आहे?"

मग आम्ही गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र टाकून जेवलो. पहाऱ्यावरची मुलगी आली. मारेट तिचं नाव, व्यार्स्काचीच. "अकुलीनाआजी, इथे थांबता येत नाही हो. पन्नास मीटर मागे जा."

"जाते. आधी हे अंडं खा."

"ड्यूटीवर आहे, आजी."

"मग उभ्यानं खा. माझ्या नवऱ्याचं जेवण आहे, नाही म्हणायचं नसतं."

मारेटनं टोपी काढली आणि अंडं खाल्लं, फाटकाकडे पाठ करून.

परतताना आईनं कापड मांडीवर घेतलं होतं. बोटांनी काठ चाचपत होती, कसर लागली आहे का ते बघत. व्यार्स्काचा फाटा आल्यावर म्हणाली, "पुढचा कागद केव्हा लिहितात?"

"जानेवारीत."

"त्यातही काढशील?"

मी गिअर बदलला. "बहुतेक."

"हं," ती म्हणाली. "पण आधी लिही."