आठवे पाणी

उलटसावलीचे झुडूप ओळखायला फार अक्कल लागत नाही. जगातल्या प्रत्येक झाडाची सावली उन्हाकडे पाठ करून पडते, या उलटसावलीची मात्र उन्हाच्या दिशेने. हिच्या पानावर बसलेली माशी पुन्हा उडत नाही. आणि तरी देवाने धाप लागणाऱ्यांचे औषध ठेवले ते हिच्याच कांद्यात. विष काढा नि औषध घ्या, एवढेच. पण त्या एवढ्याशात माणसाचा जन्म जातो.

औषधशाळेतल्या चाख्याकाकांचा तसाच गेला होता. कांद्याच्या चकत्या उकळायच्या, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा उकळायच्या. एखाद्या कांद्याला पाच पाणी पुरतात, एखाद्याला सात लागतात. दर पाण्यानंतर एक चकती काडीला टोचून जिभेला लावायची आणि लगेच थुंकायचे. कडू लागली तर विष आहे. गोड लागली की तिथेच थांबायचे आणि काढा करायचा. त्यावर एक पाणी जास्त झाले, की औषधही मोरीत जाते.

बत्तीस वर्षे काकांनी हेच केले. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांनी चकती जिभेला लावली, आणि कडू नाही की गोड नाही. ओला दगड चाटल्यासारखे झाले. उद्या येईल चव, म्हणून ते गप्प राहिले. उद्याही आली नाही. मग त्यांनी तोड काढली : सरसकट आठ पाणी. आठ पाण्यांत विष टिकायची बिशाद नव्हती. कुणाला काही झाले नाही, आणि काकांनी देवाला हात जोडले.

घरी मात्र काकूंची धाप वाढतच होती. रोज दोन वेळा दोन चमचे काढा, तोही काकांच्या हातचा, आणि तरी चुलीपाशी स्टुलावर बसूनच स्वयंपाक करावा लागे.

"भाजी कशी झालीय?" एका दुपारी त्यांनी विचारले.

"फर्मास!"

"मीठ?"

"अगदी बेताचं."

काकूंनी दोनदा श्वास घेतला. "दीड महिना झाला... तुमच्या वाटीत मी मीठच घालत नाहीये. परवा तर साखर घातली. दोनदा... वाढून घेतलीत!"

काकांचा घास हातातच राहिला. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून... वाट बघत होते." त्यांनी फळीवरच्या काढ्याच्या बाटलीकडे पाहिले. "मग ही?"

"घाबरू नकोस. आठ पाणी दिलंय. विष नाही त्यात."

"विष नाही हो. पण औषध आहे का?"

काका ताटावरून उठले ते हात धुवायचेही विसरले. काढा नेणारा उतारावरचा सुतार आठवला, जिना चढताना मध्येच बसणारी धोबीण आठवली. दोन महिने आपण कृपा म्हणून ज्याला हात जोडले, तो आपलाच भित्रेपणा होता.

औषधशाळेत काढे गाळणारी बाई एकटीच होती. काढे गाळते, पण बोलताना एकही शब्द गाळत नाही, म्हणून सगळे तिला गाळणीच म्हणत. बारा वर्षे ती 'मला चाखायला शिकवा' म्हणून मागे लागली होती, आणि 'तुझी जीभ बोलण्यातच झिजलीय' म्हणून काका टोलवत होते.

"सुट्टीच्या दिवशी काका? सूर्य चुकला की काय आज!"

"माझी जीभ गेली, बाई."

तिने हातातले फडके खाली ठेवले. "कधी?"

"दोन महिने झाले. आठ आठ पाणी देत होतो."

"म्हणजे लोकांना आपण नुसतं पाणी पाजलं?"

काकांनी मान खाली घालून काडी तिच्यापुढे धरली.

नवा कांदा चढवला. पाचव्या पाण्याला ती म्हणाली, "कडू." सहाव्याला, "कडूच. पण मागे काहीतरी आहे..."

ते मागचे काहीतरी काकांना किती ओळखीचे होते! "आधी थुंक! चूळ भर!" ते ओरडले.

सातव्या पाण्याला तिने चकती जिभेला लावली आणि थुंकून टाकली. मग म्हणाली, "गोड."

"नीट बघ. पहिलीच वेळ तुझी. घरी न्यायचंय मला."

"काका, गोड म्हणजे गोड."

काकांचा हात आठव्या पाण्याच्या तांब्याकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

घरी काकांनी नवा काढा चमच्यात ओतला.

"चाखलं कुणी?" काकूंनी विचारले.

"गाळणीने."

"मग बघत काय बसलात? आणा इकडे." त्यांनी चमचा रिकामा केला.

उरलेला दिवस काका दारोदार फिरले. आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगायची, जुनी बाटली घ्यायची, नवी द्यायची. सुताराने शिव्या घातल्या. काकांनी त्या ऐकून घेतल्या. दिवेलागणीला परतले तेव्हा काकू चुलीपाशी उभ्या होत्या.

"उद्यापासून तुमच्या वाटीत मीठ घालणार आहे मी."

"मला कुठे कळणार आहे?"

"तुम्हाला नाही कळलं तर नाही, पण भाजीला तरी आपण भाजी आहोत हे कळायला नको का?"

काका हसले. एवढे लांब वाक्य काकू मध्ये न थांबता बोलल्या, हे त्यांच्या जरा मागाहून ध्यानात आले.