चांदीची डबी आणि माझी हाक

मित्रांनो, वडवणीच्या शाळेतल्या कपाटात लांब दांड्याचं, टोकाला थाळीएवढं कडं असलेलं जे यंत्र धूळ खात उभं आहे, तो मी. जुना सुरुंगशोधक. जमिनीत धातू असला की ओरडायचं, एवढीच माझी विद्या.

दोन हजार दोन साली आमची लष्करी पलटण सीमेवरच्या वाळूत पेरलेले सुरुंग उपसत होती. पहिल्याच आठवड्यात एका मेंढीच्या चिंध्या बाभळीला लटकल्या. तिला धरायला धावलेला मेंढपाळही परतला नाही.

मला हाती धरायचा वडवणीचा केदारनाथ. त्याचा गाववाला सुग्रीव उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून पाही. सुरुंगावरची वाळू वेगळी तापते, तिचा पडद्यावर ठिपका उमटे. पण माझा आवाज एकाच्या कानात आणि ठिपका दुसऱ्याच्या डोळ्यांपुढं; दोन्हींचा मेळ घालणारं काहीच नव्हतं.

केदारनाथ लिंगायत घरातला. गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग, आई जगदेवीनं बांधलेलं. ते देहावेगळं करायचं नाही, हा त्याचा नेम; अंगावर धातू नको, हा पलटणीचा. त्यानं डबी बनियनमध्ये लपवली. झुडपाखाली तो वाकला की डबी माझ्याजवळ येई आणि मी उगाच ओरडे.

त्या दुपारी सुग्रीव म्हणाला, "ठिपका दिसतोय. तुझं काय म्हणतंय?"

मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. केदारनाथचा हात गळ्याशी गेला. "डबी वाजती रे. ठिपका तापल्या दगडाचा आसंल. ये पुढं."

"तुझा देव लई बडबड्या हाय बे," म्हणत सुग्रीवनं पाऊल टाकलं.

जमीन फाटली. त्याचा बूट लांब जाऊन पडला, पाय आतच होता. केदारनाथनं त्याची मांडी आवळून धरली, तरी बोटांमधून रक्त उसळत राहिलं. गाडी येण्याआधी सुग्रीव गेला.

रजेवर आलेला केदारनाथ डबी बिंदुसरा नदीत फेकायला निघाला. जगदेवीनं ती हातातून काढून घेतली.

"शिव काय चांदीत बसलाय व्हय? फडक्यात बांध. लिंग न्हाई, चांदी सोड. दुसऱ्या कुणाच्या आईनं का म्हणून सोसावं?"

पुढं पलटणीत पडदा असलेली नवी पेटी आली. तिच्यात माझ्या आवाजाचंही चित्र होई आणि ते कॅमेऱ्याच्या चित्रावर ठेवलं जाई. पत्र्याचा तुकडा असला तर नुसता माझा ठिपका, तापला दगड असला तर नुसता कॅमेऱ्याचा. दोन्ही एका जागी आले की पडदा लाल होई. पहिल्यांदा तो लाल झाला तेव्हा केदारनाथच्या गळ्यात फडकं होतं. त्यानं हात वर केला, सगळी रांग जागीच थबकली. वाळूखालून सुरुंग निघाला. त्या दिवशी सगळे जेवायला परतले.

मी भंगारात निघालो, तेव्हा त्यानंच मला इथं आणलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल. पण त्याहून एक करा. डोळा आणि कान एकाच जागेकडं बोट दाखवत असतील, तर गळ्याशी हात नेऊ नका. आधी थांबा.