कमरेचा बत्ता

सेबॅस्टियन डाबरेच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो बाहेर काढायला देवालाच खाली यावं लागतं, हे त्याच्या बायकोला, इनेजला, लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी तिनं लग्न केलं. दोघंही मूळची वसईची, पण वाढली शारजात, एकाच चर्चमध्ये, एकाच कॉयरमध्ये. तेव्हा तक्रार करायला तोंड तरी कुठे होतं?

यंदाचा किडा पिस्तुलाचा होता.

झालं असं, की सेबीच्या थोरल्या बहिणीनं अमेरिकेतून भरलेलं ग्रीनकार्ड इतकी वर्षं रखडून एकदाचं मंजूर झालं. सगळे विसरूनही गेले होते. बहिणीचा नवरा कार्ल ह्यूस्टनला स्थायिक, त्यानं तिथल्या एका हॉटेलात, इथल्यासारखीच रिसेप्शनची, सेबीची नोकरीही पक्की केली. नोकरी नाइट शिफ्टची. म्हणजे इनेज आणि सहा वर्षांची व्हिवियन रात्री घरात दोघीच. हे ऐकल्यावर सेबीला घाम फुटला, आणि कार्लनं फोनवर त्याला उपाय सांगितला. ‘‘इथे सगळ्यांकडे असतं रे. एक घरात, एक कमरेला. शर्ट वर सोडला की कुणाला पत्ता नाही.’’

झालं. त्या दिवसापासून शारजातल्या अल मजाजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवताना, झोपताना, चहा घेताना पिस्तूल. रिव्हॉल्व्हर बरं की मॅगझिनवालं? नऊ एमएम की त्याहून लहान? चामड्याचं कव्हर पँटच्या आत की बाहेर? सेबी व्हिडिओ बघायचा, मान हलवायचा, आणि इनेजला ऐकवायचा. ज्या माणसानं आयुष्यात डासाखेरीज कुणाला मारलं नाही, तो आता म्हणत होता, ‘‘लहान नळीचं बरं दिसतं, पण त्याला झटका जास्त असतो म्हणे.’’

इनेजनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ‘‘सेबी, व्हिवी ज्या घरात आहे त्या घरात ती वस्तू येणार नाही. आणि येणार असेल तर तू जा ह्यूस्टनला. मी आणि ती इथेच.’’

ती धमकी नव्हती. इनेज धमक्या देणाऱ्यातली नव्हतीच. म्हणून तर सेबीचं तोंड उतरलं. पण त्याचंही चुकत नव्हतं. ‘‘मी रात्रभर रिसेप्शनला उभा राहीन आणि माझा जीव तुमच्यात अडकलेला असेल. मग मी काय करू, ते तू सांग,’’ तो म्हणाला.  इनेजलाही त्याच्याशिवाय इथे राहायचं नव्हतं, आणि त्याची अमेरिकेची संधी आपल्यामुळे हुकली हे आयुष्यभर ऐकायचं नव्हतं. तो ऐकवणार नाही, हे माहीत असून तिला ते आणखीच जड वाटत होतं.

मुळात या दोघांना भीती म्हणजे काय याचा सरावच नव्हता. शारजात वाढलेली पोरं ती. दाराला कडी लावायची आठवण पाहुणे करून द्यायचे. सेबी तर गाडी चालू ठेवून ग्रोसरीत शिरायचा आणि गप्पा मारत बसायचा. एकदा पाकीट कॅफेटेरियाच्या काउंटरवर विसरला, तर तिथल्या माणसानं ते चहाच्या ऑर्डरबरोबर घरी पाठवून दिलं, वर चहाचे पैसे त्यातून घेतले नाहीत. मॉलमध्ये खायला गेलं की पर्स टेबलावर ठेवायची, टेबल अडवायचं, आणि बिनधास्त रांगेत जाऊन उभं राहायचं. सगळेच असं करतात. असं कुणी पर्स उचलून नेईल, हा विचारच कुणाच्या मनात येत नाही.

शेवटी तोडगा म्हणून दोघं दुबईच्या एका शूटिंग क्लबात गेली. अनुभव तरी घेऊ, मग ठरवू. तिथला शिकवणारा अर्सलान पेशावरचा, बोलायला गोड आणि नियमाला कडक. त्यानं आधी अर्धा तास नुसतं बोट कुठे ठेवायचं नाही ते शिकवलं. मग सेबीनं लहान पिस्तूल उडवलं. गोळी लक्ष्याला सोडून बहुधा पुढच्या अमिरातीत गेली. मोठ्या पिस्तुलानं जरा बरं जमलं.

‘‘बस यही है सर,’’ अर्सलान म्हणाला. ‘‘छोटा छुपाने में आसान, चलाने में मुश्किल. बडा चलाने में आसान, छुपाने में मुश्किल. बीच का लो.’’

मग इनेजची पाळी. ती नको नको म्हणत उभी राहिली, श्वास सोडला, आणि एकामागून एक सगळ्या गोळ्या मधल्या काळ्या गोलात घातल्या. सेबी बघतच राहिला. इनेजला मजा आली, अगदी कबूल करावी लागली इतकी मजा आली, आणि त्याचाच तिला राग आला. घरी जाताना ती गाडीत गाणं गुणगुणत होती आणि मध्येच आठवण होऊन गप्प बसत होती.

पण निघताना अर्सलाननं आणखी एक गोष्ट सांगितली होती, तीच इनेजच्या मनात बसली. ‘‘मॉडल बाद में देखना, मॅडम. पहले ये देखो कि आदमी दिनभर उसे संभाल सकता है या नहीं. कमर पर है तो कमर पर. टेबल पर नहीं, गाडी में नहीं, बाथरूम में तो बिलकुल नहीं.’’

घरी आल्याआल्या इनेज स्वयंपाकघरात गेली. तिच्या आईनं वसईहून आणलेला पितळी खलबत्ता ओट्यावर होता. तिनं बत्ता उचलला, केकच्या वजनकाट्यावर ठेवला, आणि सेबीला हाक मारली. अर्सलाननं सुचवलेलं ते मधल्या आकाराचं पिस्तूल भरलेलं असताना जेवढं भरतं, काटा जवळजवळ तिथेच थांबला होता.

‘‘हे घे तुझं पिस्तूल,’’ ती म्हणाली. ‘‘एक आठवडा कमरेला लाव. कुणाला दिसता कामा नये, आणि एकदाही कुठे ठेवून विसरता कामा नये. जमलं तर ह्यूस्टनला खरं घे. मी एक शब्द बोलणार नाही आणि मुकाट तुझ्याबरोबर येईन.’’

‘‘आणि नाही जमलं तर?’’

‘‘मग पिस्तूल खलास. आपण तिघं जायचं, पण तसंच.’’

इनेज मनात हसत होती. हा माणूस स्वतःच्या लग्नात अंगठी गाडीत विसरला होता. दोन दिवसांत बत्ता कुठल्यातरी काउंटरवरून घरी येईल, चहाबरोबर, याची तिला खात्री होती.

सेबीनं कव्हर म्हणून जुना मोजा घेतला, पट्ट्याला आतून शिवला, आणि त्यात बत्ता खोचला. वर ढगळ शर्ट. आधीच पोट थोडं पुढे, त्यात हा पितळी पाहुणा. गाडीत बसताना तो बरगडीत रुतायचा, उतरताना मांडीत. हॉटेलात वाकून पाहुण्यांचं स्वागत करणं बंद झालं, नुसती मान हलवायची. चर्चमध्ये गुडघे टेकले तेव्हा त्याच्या तोंडून असा काही हुंकार निघाला की पुढच्या बाकावरच्या बाईनं भक्तिभावानं मागे वळून पाहिलं.

शेजारच्या हमीदाभाभी दोन दिवस त्याचं चालणं बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी इनेजला लिफ्टमध्ये गाठून हळूच विचारलं, ‘‘बुरा मत मानना, भाईसाहब को पथरी है क्या? मेरे पास काढा है.’’ इनेज घरात येईपर्यंत कशीबशी थांबली आणि मग दाराला पाठ टेकून हसून हसून खाली बसली. काढा मात्र आला, आणि सेबीला तो प्यावा लागला. नाही म्हणायचं तर कमरेला काय आहे ते सांगावं लागलं असतं.

घरात व्हिवीला सगळं माहीत होतं. ‘‘डॅडा, व्हेअर इज युअर गन?’’ ती शाळेतून आल्याआल्या विचारायची, आणि सेबी शर्टवरून थोपटून दाखवायचा. घरातलं जेवण तेवढं बेचव झालं होतं. आलं-लसूण कुटायला बत्ता नाही, इनेज वाटीच्या बुडानं ठेचत होती.

आणि काय सांगावं, सेबी विसरला नाही. गाडीत नाही, काउंटरवर नाही, बाथरूममध्ये तर बिलकुल नाही. ऑफिसात फोन विसरला, चष्मा विसरला, एकदा एका पाहुण्याची खोलीसुद्धा विसरला, पण बत्ता नाही. रात्री तो बत्ता कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावायचा आणि किल्ली गळ्यात, क्रूसाच्या शेजारी. इनेज हे बघायची. तो आपल्यासाठीच हे करतोय, हे तिला दिसत होतं. माणूस एवढा बदलतो तो उगाच नाही. तिला तो फार आवडला त्या आठवड्यात, आणि तो जिंकतोय म्हणून रडूही येत होतं.

शुक्रवारी आठवडा भरला. संध्याकाळी तिघं मॉलमध्ये खायला निघाली तेव्हा सेबीनं मोज्यातून बत्ता काढला आणि इनेजपुढे धरला.

‘‘मी जिंकलो. आता आजची संध्याकाळ तू सांभाळ. मी शिफ्टवर असताना ते तुझ्याकडेच असणार ना? आणि नेम तर तुझाच चांगला.’’

‘‘त्यात काय एवढं,’’ इनेज म्हणाली आणि बत्ता पर्समध्ये टाकला. शब्द दिला होता, आता मागे फिरायचं नव्हतं.

फूड कोर्ट तुडुंब भरलेलं. खिडकीपाशी एक टेबल नुकतंच रिकामं होत होतं. इनेज झटकन पुढे झाली, टेबल अडवलं, आणि तिघं शावरमाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग लांब होती. व्हिवीचे पाय दुखायला लागले तेव्हा इनेजच म्हणाली, ‘‘जा, तू बसून राहा तिथे. ते काय, दिसतंय ना टेबल?’’ व्हिवी पळाली. सेबी ह्यूस्टनच्या शाळांबद्दल काहीतरी सांगत होता. इनेज ऐकत होती, हसतही होती. नंबर आला. पैसे द्यायला तिनं सवयीनं खांद्याकडे हात नेला.

खांद्यावर पर्स नव्हती.

पर्स टेबलावर होती. टेबल अडवायला ठेवली होती, जशी ती आयुष्यभर ठेवत आली होती. इनेजनं वळून पाहिलं. व्हिवीनं ओला टिश्यू शोधायला पर्स उघडली होती आणि बत्ता बाहेर काढला होता. शेजारच्या टेबलावरची एक छोटी मुलगी, असेल तीनेक वर्षांची, खुर्चीवर उभी राहून कौतुकानं बघत होती. व्हिवीनं दोन्ही हातांनी बत्ता तिच्याकडे रोखला होता.

‘‘धिस इज अवर गन,’’ व्हिवी सांगत होती.

इनेज धावली. लोकांना धक्के देत, कुणाच्या ट्रेला लागून, धावली. बत्ता हिसकावून घेताना तो तिच्या हातातून निसटून फरशीवर पडला. केवढा तरी आवाज झाला. त्या मुलीची आई हसली, म्हणाली, ‘‘अरे दीदी, कोई बात नहीं, खेल रही थी.’’  इनेजनं व्हिवीला पोटाशी धरलं आणि खुर्चीत बसून रडायला लागली.

‘‘ममा, इट्स ओन्ली द बत्ता,’’ व्हिवी घाबरून म्हणाली.

सेबी मागोमाग आला. त्यानं वाकून बत्ता उचलला. आता तो म्हणू शकला असता, की हरलीस तू, मी नाही. आठवडाभर बत्ता वागवून, पथरीचा काढा पिऊन त्यानं तो हक्क कमावला होता. पण त्यानं शेजारच्या त्या चिमुरडीकडे पाहिलं, मग व्हिवीकडे, आणि हळूच खाली बसला.

‘‘मी सांभाळलं असतं गं,’’ तो म्हणाला. ‘‘पण घरात तिघं राहणार आपण.’’

‘‘मी विसरले नव्हते, सेबी. मला पर्स तिथे ठेवताना काही वाटलंच नाही.’’

‘‘माहीत आहे. मीही तिथेच ठेवली असती. नको आपल्याला. दार चांगलं बघू, कुलूप चांगलं बघू, ताईच्या शेजारचंच घर घेऊ. आणि मी दिवसाची शिफ्ट मागतो. मिळेपर्यंत तुम्ही दोघी रात्री ताईकडे झोपा. कार्लचं घोरणं ऐकायला माणूस कमीच पडत होतं म्हणा.’’

इनेज रडता रडता हसली. मग दोघांनाही आठवलं, की शावरमे काउंटरवरच राहिलेत. सेबी आणायला गेला, आणि जाताना बत्ता कमरेला खोचून गेला. आता कमरेला लावायचं काही कारण नव्हतं, पण सवय लागली होती.

जेवण संपता संपता कार्लचा फोन आला. ‘‘मग, ठरलं का रे मॉडेल?’’

‘‘ठरलं,’’ सेबी म्हणाला. ‘‘पितळी आहे. सासूचं. सामानातून आणतोय.’’

घरी आल्यावर इनेजनं बत्ता दोनदा साबणानं धुतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आठवडाभरानं, लसूण, आलं, मिरी खलात घालून कुटायला घेतलं. त्या ठणठणाटानं घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. हमीदाभाभी वास काढत आल्या, सेबीला बागडताना बघून खूश झाल्या, काढ्याचा गुण म्हणाल्या, आणि वाटीभर कालवण घेऊन गेल्या. त्यांच्यामागे दार नेहमीसारखं सताड उघडं राहिलं. सेबी आणि इनेज ताटं घेत होते, बोलत होते, कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

व्हिवी खुर्ची ओढत दाराशी गेली. खुर्चीवर चढली, वरची कडी लावली, ओढून पाहिली, आणि येऊन पानावर बसली.

‘‘इन ह्यूस्टन,’’ ती म्हणाली, ‘‘आय विल डू द डोअर.’’