टिब्जचं कण्हणं

एल्स्वर्थ टिब्ज पियानो वाजवताना गुणगुणतो, असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर उपकार करणं. तो कण्हायचा. न्यूयॉर्कमधल्या अख्ख्या हार्लेमला ते ठाऊक होतं, आणि क्लबातल्या ग्लासांच्या खणखणाटात खपूनही जायचं. आज मात्र समोर माइक होता आणि काचेपलीकडे रेकॉर्ड कंपनीचे क्रासनरसाहेब.

"आत कोणाचं पोट दुखतंय का?" साहेबांनी स्पीकरवरून विचारलं.

ड्रमवाल्या डेलबर्टनं काठी टिब्जकडे रोखली. "लहानपणी चर्चमध्ये गाताना जडलेलं दुखणं आहे, साहेब."

"मला पियानोची रेकॉर्ड काढायचीय, बाळंतपणाची नाही."

टिब्ज ओशाळला. उभी हयात दुसऱ्यांच्या मागे वाजवून, पन्नाशी उलटल्यावर त्याच्या नावाची पहिली रेकॉर्ड निघत होती. आज संध्याकाळपर्यंत झाली नाही तर ती निघणार नव्हती. त्यानं कण्हणं दाबायला न पेटवलेली सिगार दातांत घट्ट धरली.

पुन्हा सुरुवात झाली. कॉर्नेल पेटवे आपला माणसाहून उंच, तारांचा बास कवटाळून उभा होता. हे गाणं तो झोपेतही वाजवू शकला असता, पण अर्ध्यावर त्याला आपण कुठे आहोत तेच कळेना. टिब्जनं शेवटचा सूर वाजवला तेव्हा कॉर्नेल अजून मध्यावरच रेंगाळत होता.

"कुठल्या गावाला गेला होतास, ब्रदर?" डेलबर्टनं विचारलं.

"मी इथंच होतो. तुम्ही दोघं कुठे गेलात?"

दुसऱ्या खेपेला डेलबर्टही चुकला. तिसऱ्या खेपेला टिब्ज स्वतःच्या बोटांकडे संशयानं बघू लागला. मग तिघंही एकमेकांची माफी मागायला लागले. त्यांच्यात माफी मागण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे कॉर्नेल चांगलाच घाबरला.

जेवणाच्या सुट्टीत टिब्जनं सँडविचसाठी सिगार बाजूला ठेवली आणि घास संपल्यावर तो सवयीनं कण्हू लागला. कॉर्नेलची डाव्या हाताची बोटं टेबलावर आपोआप चालू लागली. अगदी बिनचूक.

कॉर्नेल त्या बोटांकडे बघत राहिला. म्हणजे इतकी वर्षं आपण पियानो ऐकतच नव्हतो? या माणसाच्या कण्हण्यामागून चाललो होतो? आणि हे त्याला सांगायचं कसं? 'दादा, तुमचं वाजवणं मी कधी ऐकलंच नाही,' असं? तेही आजच्या दिवशी?

त्यानं सांगितलं नाही. टिब्जनं सिगार पुन्हा तोंडात धरली, गाणं सुरू झालं, आणि कॉर्नेल बासच्या आडून हळूच टिब्जचं कण्हणं कण्हू लागला. त्याला ते तोंडपाठ होतं. टिब्ज दचकला. मग त्याचे खांदे सैल पडले आणि हात असे सुटले की डेलबर्टही हसत ड्रमवर त्यांच्या मागे आला. कोण कोणाच्या मागे चाललंय हे आता कॉर्नेलला मुळीच कळेना. पण या वेळी तिघंही एकाच वेळी शेवटाला पोचले.

"पुन्हा आवाज!" स्पीकर खेकसला.

टिब्जनं तोंडातली सिगार दाखवली.

"खोली तापवायचा वाफेचा पाइप आहे, साहेब," डेलबर्ट म्हणाला.

"बंद करता येईल?"

"येईल की. मग बोटं गारठतील."

काचेपलीकडे साहेबांची आणि त्यांच्या माणसांची डोकी बराच वेळ हलत होती.

"पाइप राहू दे," अखेर साहेब म्हणाले. "हेच ठेवतोय. उरलेली गाणीही अशीच येऊ द्या."

टिब्जनं डोळे पुसले, तो कॉर्नेलकडे वाकला आणि कुजबुजला, "गड्या, शेवटच्या ओळीत पाइप जरा बेसूर झाला बघ."