रफ शीटवरची पाच वाक्यं

आमच्या क्लासची एक पद्धत होती. बँकेच्या परीक्षेला जाताना सलिल सर प्रत्येकाला पाच प्रश्न वाटून द्यायचे. सोडवायला नव्हे, लक्षात ठेवायला. पेपर संपला की गेटबाहेर क्लासचा तेजस वही घेऊन उभा असायचा. आपण आपले पाच प्रश्न त्याला सांगायचे, की पुढच्या शिफ्टच्या मुलांना ते मोबाइलवर मिळायचे. त्यांचा पेपर वेगळा असतो, पण वळण तेच असतं. नियमाने हा गुन्हा होता आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या वाट्याला इंग्रजी वाक्यदुरुस्ती यायची. यवतमाळकडची असून हिचं इंग्रजी बरं आहे, असं सर सगळ्यांसमोर म्हणायचे आणि मी बावळट ते कौतुक समजून हसायचे. अडचण एकच होती. चुकीचं वाक्य दिसलं की ते माझ्या डोक्यात आपोआप बरोबर व्हायचं आणि मग मूळची चूक काही केल्या आठवायची नाही. मागच्या दोन्ही वेळी मी पाच बरोबर वाक्यं नेऊन दिली. "श्रद्धा, शुद्ध इंग्रजी आमच्याकडे पुस्तकात आहे," एवढंच सर म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला.

म्हणून या वेळी वारज्याच्या सेंटरवर मी पाचही वाक्यं रफ शीटवर जशीच्या तशी उतरवली. जाताना एकदा वाचायची आणि कागद दाराजवळच्या पेटीत टाकायचा, असा बेत होता. पेटीत कागद टाकला, बाहेर आले, बॅग ठेवल्याचा बिल्ला काढायला खिशात हात घातला. हातात रफ शीट आली. पेटीत गेली होती ती आधार कार्डाची जादा झेरॉक्स, तशीच चौघडी केलेली.

कागदावर वर माझा रोल नंबर होता, खाली माझी सही. रफ शीट बाहेर नेणाऱ्याची उमेदवारी रद्द होईल आणि पुढे कुठल्याही बँकेच्या परीक्षेला बसता येणार नाही, हे सकाळी माइकवर दोनदा सांगितलं होतं. तशीही माझ्यासाठी पुढची परीक्षा नव्हतीच. येत्या मार्चनंतर मी वयात बसत नव्हते. जे काय व्हायचं ते याच पेपरवर होतं.

मी गेटच्या आतच होते, तेवढ्यात बाहेरून तेजसने कागद पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. त्याने लगेच सरांना फोन लावला. सर स्पीकरवर म्हणाले, फोटो काढून घे, वरचा नंबर कापून टाक, कागद नाल्यात फेक. मी कागद मुठीत आवळला. मी सापडले तर काय, हे त्या फोनवर कोणीच विचारलं नाही. तेवढ्यात वॉचमनने गेट ओढून घेतलं आणि ओरडून सांगितलं, की तीन नंबरच्या कॉम्प्युटर लॅबमधली एक रफ शीट कमी आहे, त्या लॅबच्या मुलांनी थांबायचं.

ती लॅब माझीच होती. कागद फाडला असता तरी कोणाचा कमी आहे हे यादीवरून पाच मिनिटांत कळलं असतं. परत द्यावा, तर त्यावर एकही आकडेमोड नव्हती. नुसते उतरवलेले प्रश्न. कशासाठी उतरवले, हे कोणीही ओळखलं असतं. मी तेजसकडे न बघता मागे फिरले आणि जिना चढले.

लॅबमध्ये सुपरवायझर बाई कागद मोजत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, छातीवरच्या बिल्ल्यावर वासंती असं नाव. मी कागद पुढे केला आणि चुकून खिशात राहिला म्हणाले. त्यांनी तो उलगडला आणि सावकाश वाचला.

"हे काय आहे?"

"दुरुस्त करायला लिहून काढली होती, मॅडम."

"असं का. मग दुरुस्त का नाही केलीत?"

त्यांनी आपलं पेन माझ्यापुढे सरकवलं आणि खुर्ची दाखवली. मी बसले. 'नायदर द मॅनेजर नॉर द क्लार्क्स वॉज प्रेझेंट' हे पहिलंच वाक्य, एरवी झोपेतही दुरुस्त केलं असतं असं, पण त्यावर माझा घाम पडला आणि शाई पसरली. मी प्रत्येक शब्द बोटाने धरून वाचला. चुकीचा शब्द खोडला, वर बरोबर लिहिला, मग पुढचं वाक्य. पाचही झाली तेव्हा कागद त्यांच्याकडे सरकवला.

बाईंनी कागद पुन्हा वाचला, पेटीत टाकला आणि माझा रोल नंबर वहीत लिहून घेतला. त्यापुढे काहीच लिहिलं नाही.

"ही खिडकी गेटवर उघडते," त्या म्हणाल्या. "तो वहीवाला मला सकाळपासून दिसतोय. तुमच्या नंबरापुढे काय लिहायचं, ते तुम्ही खाली गेल्यावर ठरवते."

मी खाली आले. तेजस वही उघडून उभाच होता. वर बघायची हिंमत झाली नाही, पण खिडकी उघडी आहे हे मानेला जाणवत होतं.

"सांग पटकन," तो म्हणाला.

"मला एकही आठवत नाही."

त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं आणि बसस्टॉपकडे चालू लागले. बस कात्रजला पोचायच्या आत सरांनी मला क्लासच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

निकालाला अजून महिना आहे. बाईंनी शेवटी काय लिहिलं ते मला माहीत नाही. बँकेचा मेसेज वाजला की हातातलं काम टाकून फोन उघडते. आणि तेजसशी खोटं बोलले होते मी. ती पाचही वाक्यं मला तोंडपाठ आहेत, चुकांसकट.